विद्यार्थ्याच्या खोलीत विदेशी शोभेची झाडे कशी वाढवावीत

वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणारा विद्यार्थी झाडांच्या नादाला लागतो तेव्हा सुरुवात बहुधा एखाद्या छायाचित्रापासून होते. भोके पडलेल्या पानांचा मॉन्स्टेरा किंवा मखमली पानांचा अँथुरियम नजरेत भरतो, पैसे साठवून तो आणला जातो आणि मग ठेवायचा कुठे याचा विचार सुरू होतो. हा क्रम उलटा असायला हवा. आधी खोलीतील प्रकाश पाहावा, नंतर स्वतःचा दिनक्रम पाहावा आणि या दोहोंत बसेल ते झाड सर्वांत शेवटी निवडावे. घरात वाढवली जाणारी बरीचशी विदेशी झाडे उष्णकटिबंधीय जंगलांतील आहेत. मोठ्या वृक्षांच्या सावलीत, पानांतून गाळून आलेल्या उजेडात आणि वर्षभर उबदार हवेत ती वाढतात. माणसाला सुखकर वाटणारे तापमान त्यांनाही मानवते, म्हणूनच ती खोलीत तग धरतात. अडचण येते ती प्रकाशाची आणि पाण्याची.

पहिली पायरी: खोलीतील उजेड पारखणे

उजेडाच्या बाबतीत आपल्या डोळ्यांवर विसंबू नये. भर दुपारी मोकळ्या आकाशाखाली प्रकाशाची तीव्रता १,००,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) आसपास जाते, खिडकीलगत ती काही हजारांवर येते आणि खोलीच्या मध्यभागी असलेल्या अभ्यासाच्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स उरले तरी पुष्कळ झाले. डोळ्यांतील बाहुली अंधारात आपोआप मोठी होत असल्याने हा दोनशे-तीनशे पटींचा फरक आपल्याला ‘जरा कमी उजेड’ एवढाच वाटतो. झाडाला मात्र अन्न तयार करण्यासाठी तेवढ्याच प्रकाशावर भागवावे लागते.

त्यामुळे एक साधी चाचणी करावी. आकाश निरभ्र असताना दुपारच्या सुमारास, जिथे कुंडी ठेवायची आहे तिथे पांढरा कागद ठेवून त्याच्यावर साधारण एक फूट उंचीवर हात धरावा. सावलीच्या कडा ठळक आणि बोटे वेगवेगळी दिसली, तर प्रकाश भरपूर आहे. हाताचा आकार कळतो पण कडा पुसट आहेत, अशी सावली पडली तर उजेड मध्यम समजावा आणि बहुतेक जंगली वेली तिथे ठेवाव्यात. सावली जेमतेम जाणवत असेल, तर ती जागा झाडासाठी नव्हे, पुस्तकांसाठी राखून ठेवावी. मोबाईलवरील लक्स मोजणारे अ‍ॅप अगदी अचूक नसते, परंतु खोलीतील दोन जागांची तुलना करण्यापुरते ते उपयोगी पडते.

खिडकीची दिशाही पाहावी. पूर्वेच्या खिडकीतून येणारे सकाळचे कोवळे ऊन जवळपास सर्व झाडांना चालते, तर पश्चिमेच्या खिडकीतील उतरत्या दुपारचे ऊन काचेमागील कोवळी पाने भाजून काढू शकते. सर्वाधिक ऊन उत्तर गोलार्धात दक्षिणेच्या आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून येते. तिथे पातळ पांढरा पडदा लावला की काम भागते. समोर उंच इमारत असेल तर दिशेला फारसा अर्थ राहत नाही.

खिडकी नसलेली किंवा कायम अंधारी खोली वाट्याला आली असेल, तर दिव्याचा आधार घ्यावा. जांभळा प्रकाश टाकणारे खास दिवे घेण्याची गरज नाही. चांगला, प्रखर पांढरा एलईडी दिवा झाडालाही पुरतो आणि त्याच दिव्याखाली वाचताही येते. तो पानांपासून १५ ते ३० सेंटिमीटर अंतरावर राहील असा लावून दिवसाचे १० ते १२ तास चालू ठेवावा. टायमर लावणे उत्तम, कारण रात्री खोलीत परतल्यावर दिवा लावायचा आणि पहाटेपर्यंत चालू ठेवायचा, या प्रकारात झाडापेक्षा खोलीतील सोबत्याचे हाल अधिक होतात.

दुसरी पायरी: आपल्या दिनक्रमाला साजेसे झाड निवडणे

विद्यार्थ्याचे आयुष्य एकसारखे चालत नाही. प्रकल्प जमा करण्याच्या आठवड्यात झाडाकडे पाहणेही होत नाही, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी अभ्यास टाळण्यासाठी त्याच झाडाची दिवसातून चार वेळा विचारपूस होते. म्हणून पहिले झाड असे असावे की ज्याला दुर्लक्ष चालते आणि अतिरेकी काळजीही काही प्रमाणात सोसते.

झीझी प्लांट या कसोटीला उतरते. ते मूळचे पूर्व आफ्रिकेतील. तिथे कोरडा काळ मोठा असल्यामुळे मातीखाली बटाट्यासारख्या जाड कंदांत ते पाणी साठवून ठेवते आणि तीन-चार आठवडे पाणी मिळाले नाही तरी कुरकुर करीत नाही. पश्चिम आफ्रिकेतील स्नेक प्लांटही तसेच. ते आपली पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरील सूक्ष्म छिद्रे, मुख्यतः रात्री उघडते, त्यामुळे दिवसाच्या उष्णतेत पानांतून पाणी उडून जात नाही. ही दोन्ही झाडे कमी उजेडात जगतात खरी, परंतु जगणे आणि वाढणे यांत फरक आहे. नवी पाने हवी असतील तर त्यांनाही खिडकीजवळच ठेवावे.

पॉथॉस म्हणजे आपण ज्याला मनीप्लांट म्हणतो ती वेल, नवशिक्यासाठी माझी पहिली शिफारस आहे. कारण ती बोलते. पाणी कमी झाले की पाने मऊ पडून लोंबतात आणि पाणी दिल्यावर काही तासांत पुन्हा ताठ होतात. उजेड कमी पडला की दोन पानांमधील अंतर वाढते आणि पानांवरील पिवळे-पांढरे पट्टे फिके होतात. झाड वाचायला शिकायचे असेल तर याहून चांगला गुरू नाही. हे जमल्यानंतर मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, होया यांच्याकडे वळावे. मॉन्स्टेराच्या कोवळ्या रोपाची पाने अखंड असतात, भोके आणि चिरा पुढे येतात. त्यासाठी भरपूर उजेड आणि चढायला आधाराची काठी लागते, हे ठाऊक नसल्यामुळे अनेकांना आपली फसवणूक झाली असे वाटते.

कॅलाथिया, अ‍ॅलोकेशिया आणि नाजूक नेचे (फर्न) सुरुवातीला टाळावेत. कॅलाथियाची पाने रात्री उभी मिटतात आणि सकाळी पसरतात, ते पाहणे मोठे मौजेचे असते, पण तिला सतत किंचित ओलसर माती आणि दमट हवा लागते. दर शनिवार-रविवारी बाहेरगावी जाणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. माशा खाणारा व्हीनस फ्लायट्रॅप खोलीत ठेवण्याचा मोहही आवरावा. तो अमेरिकेतील उत्तर आणि दक्षिण कॅरोलिना या राज्यांतील दलदलीत वाढतो. त्याला थेट ऊन, क्षारविरहित पाणी आणि हिवाळ्यातील थंड विश्रांती लागते, आणि टेबलावर यांपैकी काहीही मिळत नाही.

झाड आणल्याने खोलीतील हवा शुद्ध होते, ही अपेक्षा मात्र ठेवू नये. हा समज १९८९ साली नासाने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून पसरला. ते प्रयोग लहान, बंद कक्षांत झाले होते. पुढे २०१९ साली कमिंग्ज आणि वॉरिंग या संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा इमारतीत एरवीच होणाऱ्या हवेच्या देवघेवीची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील असे दिसून आले. शुद्ध हवेसाठी खिडकी उघडावी.

तिसरी पायरी: रोप विकत घेणे

लहान रोप घ्यावे. ते स्वस्त असते, टेबलावर मावते आणि नव्या जागेशी लवकर जुळवून घेते. घेण्यापूर्वी पाने उलटी करून पाहावीत, पानाचा देठ जिथे खोडाला मिळतो त्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके आहेत का ते तपासावे आणि कुंडीच्या बुडाशी हुंगून पाहावे. कुजकट वास आला तर रोप कितीही देखणे असले तरी परत ठेवावे. खोलीत आणल्यावर दोन-तीन आठवडे ते इतर झाडांपासून दूर ठेवावे.

दुर्मिळ म्हणून विकल्या जाणाऱ्या झाडांबाबत सावध राहावे. पांढरे पट्टे असलेल्या पानांत हरितद्रव्य कमी असते, त्यामुळे अशा झाडाला उजेड जास्त लागतो आणि त्याची वाढ संथ असते. ‘पिंक काँगो’ नावाने विकल्या गेलेल्या फिलोडेंड्रॉनची गुलाबी पाने रासायनिक प्रक्रियेतून आलेली होती आणि काही महिन्यांनी त्याला साधी हिरवी पाने फुटू लागत. निळ्या किंवा जांभळ्या मॉन्स्टेराचे बी कोणी ऑनलाइन विकत असेल, तर तसा मॉन्स्टेरा अस्तित्वातच नाही हे लक्षात ठेवावे.

चौथी पायरी: कुंडी आणि माती

कुंडीला तळाशी भोक असलेच पाहिजे. या नियमाला नवशिक्याने अपवाद करू नये. सुंदर पण बिनभोकाची कुंडी आवडली असेल, तर रोप साध्या प्लास्टिकच्या कुंडीतच ठेवून ती कुंडी त्या सुंदर कुंडीत बसवावी आणि पाणी देताना बाहेर काढावी. तळाशी खडे घातल्याने निचरा सुधारतो असे सर्रास सांगितले जाते, पण ते खरे नाही. बारीक मातीतील पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, ते खड्यांच्या वरच्या थरात अडकून राहते, म्हणजे ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो.

या झाडांना बागेतील चिकट माती चालत नाही. त्यांपैकी अनेक वेली निसर्गात वृक्षांच्या खोडांवर आणि कुजलेल्या पालापाचोळ्यात मुळे पसरतात, म्हणजे त्यांच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग परलाईट (हलके, पांढरे खनिज खडे), एक भाग झाडाच्या सालीचे तुकडे आणि मूठभर गांडूळखत हे मिश्रण मॉन्स्टेरा, पॉथॉस आणि फिलोडेंड्रॉन यांना मानवते. स्नेक प्लांट आणि झीझीसाठी परलाईट किंवा जाडसर वाळू वाढवावी. फॅलेनॉप्सिस ऑर्किडसाठी मात्र माती वापरूच नये. त्याला केवळ सालीचे मोठे तुकडे लागतात.

रोप आणल्या आणल्या कुंडी बदलण्याची घाई करू नये. तळाच्या भोकातून मुळे बाहेर डोकावू लागली किंवा पाणी घातल्याबरोबर सरळ खाली निघून जाऊ लागले की आधीच्या कुंडीपेक्षा व्यासाने तीन-चार सेंटिमीटर मोठी कुंडी घ्यावी. फार मोठ्या कुंडीत मुळे न पोचलेली माती दिवसेंदिवस ओली राहते. हे काम शनिवारी, जमिनीवर जुने वर्तमानपत्र पसरून करावे आणि नंतर हात धुवावेत, कारण मॉन्स्टेरा, पॉथॉस, डिफेनबाकिया या कुळातील झाडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चीक लागला तर काहींच्या त्वचेला खाज सुटते आणि पान चघळले गेले तर तोंडाची आग होते. खोलीत मांजर किंवा लहान मूल येत असेल तर अशी झाडे उंचावर ठेवावीत.

पाचवी पायरी: पाणी

खोलीतील झाडे तहानेपेक्षा अति पाण्याने अधिक मरतात. पाणी स्वतः विषारी नसते. मातीतील पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती गुदमरतात आणि मग बुरशीसारखे सूक्ष्मजीव त्यांना कुजवतात. मुळे कुजली की पाणी वर चढत नाही, पाने लोंबतात, आणि ती तहानलेली आहेत असे समजून आपण आणखी पाणी घालतो. म्हणून पान लोंबलेले दिसले की आधी मातीला हात लावावा. माती कोरडी असेल तर पाणी द्यावे. ओली असेल तर रोप कुंडीतून हलकेच बाहेर काढून मुळे पाहावीत. निरोगी मुळे पांढरी किंवा फिकट आणि घट्ट असतात. कुजलेली मुळे तपकिरी, लिबलिबीत असतात आणि चिमटीत धरून ओढल्यास त्यांची साल हातात येऊन आत बारीक दोरा उरतो. ती स्वच्छ कात्रीने कापून टाकावीत आणि रोप नव्या, कोरड्या मिश्रणात लावावे.

‘दर रविवारी पाणी’ हा नियम करू नये. ढगाळ आठवड्यात आणि थंडीत झाड पाणी कमी पिते, उन्हाळ्यात जास्त. रविवार ठरवायचाच असेल तर तो पाणी देण्याचा नव्हे, तपासण्याचा ठरवावा. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसावे. तिथपर्यंत कोरडे लागले तर पॉथॉस-मॉन्स्टेराला पाणी द्यावे. खोल कुंडीत लाकडी काडी तळापर्यंत घालून दहा मिनिटांनी बाहेर काढावी. ती ओली आणि माती चिकटलेली निघाली तर थांबावे. कुंडी पाणी दिल्यानंतर एकदा आणि सुकल्यावर एकदा उचलून पाहिली, तर पुढे नुसत्या वजनावरून अंदाज येऊ लागतो, आणि माझ्या मते यासारखी खात्रीची पद्धत नाही. ऑर्किडचे आणखी सोपे आहे: त्याच्या मुळांवरील स्पंजासारखे आवरण कोरडे असताना रुपेरी दिसते आणि भिजले की हिरवे होते. मुळे रुपेरी दिसू लागली की पाणी द्यावे.

द्यायचे तेव्हा भरपूर द्यावे. तळातून पाणी वाहू लागेपर्यंत सावकाश ओतावे, अर्ध्या तासाने बशीत साचलेले पाणी फेकून द्यावे. थोडे थोडे पाणी रोज शिंपडल्यास वरची माती ओली आणि खालची मुळे कोरडी राहतात. मिश्रण अगदी सुकून कुंडीच्या कडेपासून सुटले असेल, तर वरून ओतलेले पाणी त्या फटीतून निसटून जाते. अशा वेळी कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत निम्म्यापर्यंत बुडवून ठेवावी. सकाळी मॉन्स्टेरा किंवा पॉथॉसच्या पानांच्या टोकांवर पाण्याचे थेंब दिसले तर घाबरू नये. रात्री मुळांनी ओढलेले जादा पाणी झाड असे बाहेर टाकते. हे रोज होऊ लागले तर मात्र मातीत ओल जास्त आहे असे समजावे.

सहावी पायरी: हवा, खत आणि किडी

पानांवर पाणी फवारल्याने दमटपणा वाढतो तो काही मिनिटांपुरता. वातानुकूलित किंवा हीटर लावलेल्या खोलीत कुंड्या एकमेकींजवळ ठेवाव्यात, त्या वाऱ्याच्या थेट झोतापासून दूर ठेवाव्यात आणि खरोखरच दमट हवा लागणारी लहान झाडे काचेच्या बंद बरणीत वाढवावीत. ही युक्ती जुनी आहे. लंडनमधील नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरांनी १८२९ साली पतंगाचा कोष बंद बरणीत ठेवला होता. त्या बरणीतील ओल्या मातीत नेचा आणि गवत उगवलेले त्यांना दिसले. त्यातून तयार झालेल्या काचपेट्यांतून पुढे रोपे महिनोन्‌महिन्यांचा समुद्रप्रवास करू लागली. टेबलावर ठेवायची असेल तर बरणी थेट उन्हात ठेवू नये, आतली झाडे उकडून निघतात.

खताचे फारसे कौतुक नको. नवी पाने येत असतील त्या काळात महिन्यातून एकदा, वेष्टनावर सांगितलेल्या प्रमाणाच्या निम्मे द्रवखत पुरते. वाढ थांबलेली असताना आणि माती कोरडी असताना खत देऊ नये.

किडींसाठी आठवड्यातून एकदा पानांची मागची बाजू पाहण्याची सवय लावावी. पानाखाली पांढरा कागद धरून पान टिचकीने झटकावे; कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर ती कोळी नावाची, पानांतील रस शोषणारी बारीक कीड आहे. झाड न्हाणीघरात नेऊन पाने दोन्ही बाजूंनी पाण्याने धुवावीत आणि सौम्य साबणाचे पाणी दर पाच-सहा दिवसांनी, तीन-चार वेळा फवारावे. एका फवारणीत अंडी मरत नाहीत. पिठ्या ढेकणाचे पांढरे पुंजके स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपून घ्यावेत. कुंडीभोवती घोंगावणारी बारीक काळी चिलटे ओल्या मातीत अंडी घालतात. मातीचा वरचा थर पूर्ण सुकू देणे आणि पिवळे चिकट कागद लावणे एवढ्याने ती आटोक्यात येतात. वसतिगृहाच्या बंद खोलीत उग्र कीटकनाशके अजिबात वापरू नयेत.

सातवी पायरी: परीक्षा, सुट्ट्या आणि खोली बदलणे

परीक्षेच्या काळात काहीही नवे करू नये. कुंडी बदलणे, छाटणी, खत हे सगळे पेपर संपेपर्यंत पुढे ढकलावे. लांब सुट्टीवर जाताना झीझी आणि स्नेक प्लांट यांना नेहमीप्रमाणे पाणी देऊन निर्धास्त निघावे. इतर झाडे खिडकीपासून थोडी मागे सरकवावीत, म्हणजे ती पाणी कमी पितील. तेवढ्याने भागत नसेल तर जाड सुती दोरी भिजवून तिचे एक टोक कुंडीच्या मातीत सहा-सात सेंटिमीटर खोल खुपसावे आणि दुसरे टोक शेजारी ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीच्या तळापर्यंत सोडावे. दोरी मातीला हळूहळू पाणी पोचवत राहते. ही व्यवस्था निघण्याच्या आठवडाभर आधी लावून पाहावी, कारण काही दोऱ्या पाणी ओढतच नाहीत. झाडे मित्रावर सोपवायची असतील तर तोंडी सूचना न देता प्रत्येक कुंडीवर चिठ्ठी लावावी: हिला माती कोरडी असेल तरच एक पेलाभर, हिला अजिबात नको. मित्र जितका प्रेमळ, तितकी दुसऱ्या प्रकारची चिठ्ठी अधिक महत्त्वाची.

खोली सोडताना मोठे झाड नेता येत नसेल तर त्याची कलमे न्यावीत. पॉथॉस किंवा मॉन्स्टेराच्या खोडावर, पानाचा देठ फुटतो तिथे एक फुगीर पेर आणि तपकिरी गाठीसारखे हवाई मूळ असते. त्या पेराखाली एक-दोन सेंटिमीटर अंतरावर काप घ्यावा. पेराशिवाय नुसते पान पाण्यात ठेवले तर ते दिवसेंदिवस हिरवे राहील, पण त्यातून नवे झाड कधीच येणार नाही. पेर पाण्यात बुडेल आणि पान बाहेर राहील असे ठेवून दर आठवड्याला पाणी बदलावे, मुळे पाचेक सेंटिमीटर झाली की मातीत लावावे. स्नेक प्लांटचे मात्र पानाच्या तुकड्यापासूनही रोप होते, फक्त पिवळ्या कडांच्या जातीची ती कडा त्या नव्या रोपात येत नाही. ती हवी असेल तर बुडाशी फुटलेले पिल्लूच वेगळे करावे. प्रवासात कलमाच्या पेराला ओला टिश्यू पेपर गुंडाळून वरून प्लास्टिकची पिशवी बांधावी आणि पाने मोकळी ठेवावीत.

शिक्षणासाठी दुसऱ्या देशात जाताना झाडे सामानात दडवून नेऊ नयेत. बहुतेक देश मातीसकट रोप आत येऊ देत नाहीत आणि मुळे धुतलेल्या रोपालाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र मागतात. सर्व ऑर्किड आणि बहुतेक सर्व निवडुंग तर १९७५ पासून लागू असलेल्या साइट्स या, संकटग्रस्त वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळे परवाने लागू शकतात. ज्या देशात जायचे आहे तेथील वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) विभागाचे नियम तिकीट काढण्यापूर्वी वाचावेत, आणि ते जमण्यासारखे नसतील तर कुंड्या मागे राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला त्यांच्या चिठ्ठ्यांसकट देऊन टाकाव्यात.